टाकीचं झाकण

झाड कापायच्या मशीनने पुन्हा सूर धरला, थोडा वेळ बरं गुरगुरलं आणि पातं खोडात असतानाच मलूल होत बंद पडलं. चालू व्हायला नखरा नाही. टिकायचं मात्र नाव नाही. सकाळपासून हेच चाललं होतं.

ती डबा घेऊन पोचली ती नेमकी तेव्हा. कडेवर लेक, हातात डबा, आणि समोर ते झाड. झाड अंगणात पडायचं होतं, पण कापणी अर्ध्यावर थांबली आणि ते मागे, घरावर रेललं. खोडाला घालून दूरच्या खांबाला बांधलेला दोर ताठ ताणला होता. वाऱ्याची झुळूक आली की खोडातून करकर ऐकू येई आणि रस्त्यावर जमलेल्यांची बोलणी मध्येच तुटत.

घरातली सगळी माणसं बाहेर काढली होती, दोन सोडून. मागच्या खोलीत खुबा मोडलेले आजोबा खाटेवर होते, त्यांना हलवायला गाडी यायची होती. आणि त्यांची म्हातारी काही केल्या उशापासून उठत नव्हती.

तिचा नवरा खोडाशी उकिडवा बसला होता. त्याने प्लग बदलला होता, फिल्टर धुतला होता, कार्बोरेटर उघडून फुंकून झाला होता. कुऱ्हाड घ्यायची सोय नव्हती. दणके बसले असते तर झाडाने कुठे अंग टाकलं असतं देव जाणे. एरवी मशीनचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, आज त्याच्या हातातून पान्हा दोनदा निसटला. दोर सांभाळणारा लंबू त्याचा जुना जोडीदार. एरवी थट्टेशिवाय त्याचं पान हलत नसे, आज त्याची नजर शेंड्यावरून हलत नव्हती.

मुकादम फोनवर दुसऱ्या टोळीला बोलावत होता. टोळी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती येईपर्यंत वारा थांबणार नव्हता. आणि आली, की नवऱ्याचं या मुकादमाकडचं काम कायमचं संपलं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पेट्रोल संपलं का बघायला नवऱ्याने टाकीचं झाकण फिरवलं. टाकी अर्धी भरलेली होती. पण झाकण सैल होताना बारीकसं ‘स्स्’ झालं, कुणी गरम चहाचा घोट ओढावा तसं. मुकादमाच्या आवाजात त्याला ते ऐकू आलं नाही. तिला आलं, आणि कालची संध्याकाळ आठवली.

त्यांचं घर म्हणजे एकच खोली. आधीचं मशीन ओट्यावरून चोरीला गेल्यापासून हे मशीन आत झोपत असे, लेकीच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. लेकीची छाती जन्मापासून नाजूक. रात्र रात्र घरघर चालायची. धूर नको, पेट्रोलचा वास तर मुळीच नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. तो आधीच नळाखाली हात सोलवटेपर्यंत धुऊन मगच पोरीला घेत असे. त्याला आणखी काय सांगायचं?

काल संध्याकाळी तिने मशीन हुंगून पाहिलं. वास झाकणावरच्या टाचणीएवढ्या भोकातून येत होता. तिचे वडील ट्रक चालवायचे. टाकी झिरपली की साबण चोळायचे, डिझेल-पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही म्हणायचे. तिने लेकीच्या अंघोळीचा साबण घेतला आणि अंगठ्याने त्या भोकात गच्च दाबला. रात्री लेक एकदाही खोकली नाही. आपण केवढ्या शहाण्या, असं वाटून ती अंधारात एकटीच हसलीसुद्धा होती.

आता बोलावं, तर चारचौघांत नवऱ्याची शोभा. बायकोने मशीन बिघडवलं, हे जन्मभर त्याच्या मागे लागलं असतं. न बोलावं, तर...

खोड पुन्हा करकरलं. या वेळी लांबलचक.

तिने डबा खाली ठेवला, लेकीला शेजारच्या बाईच्या हातात दिलं, तिच्या झबल्याची पिन काढली आणि दोराखालून वाकून सरळ खोडापाशी गेली. लंबू मागून ओरडला, “वहिनी, मागे व्हा.”

नवऱ्याने मान वर केली. “तू कशाला आलीस इथे?”

“अहो, झाकण द्या.”

“अगं, झाड बघ वर.”

“भोकात साबण आहे,” ती हलकेच म्हणाली. “मीच भरलाय. पोरीला वास येतो म्हणून.”

तिने त्याच्या हातून झाकण घेतलं, पिन घातली, फिरवली. पांढरा कण बाहेर आला. त्याने झाकण नाकाशी नेलं. पोरीच्या मानेला येतो तोच वास. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं. त्याला सांगावं लागलं नाही.

“तिला घे,” तो म्हणाला. “रस्त्यापलीकडे उभी राहा.”

मशीन चालू झालं. चालत राहिलं. लंबूने दोर ओढला, झाड क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि अंगणात आडवं झालं. धूळ बसली तेव्हा मागच्या खिडकीत म्हातारी दिसली. तिने एकदा बाहेर पाहिलं आणि आजोबांचं पांघरूण सारखं केलं.

काय बिघडलं होतं, मुकादमाने विचारलं.

“झाकणाचं भोक बुजलं होतं. भुसा बसला असेल. माझंच लक्ष नव्हतं.”

“केस पिकले तुझे या धंद्यात,” मुकादम म्हणाला, “आणि झाकण कळेना?” सगळे हसले. तोही हसला. तिने लेकीच्या झबल्याला पिन लावली. ती वाकली होती, धड लागेना.

घरी येताच तो नळाखाली बसला. हात धुताना त्याने विचारलं, “काल रात्री खोकली का ती?”

“नाही.”

“एकदाही?”

तिने मान हलवली.

तिन्हीसांजेला त्याने आपली वळकटी काखेत मारली, मशीन उचललं आणि ओट्यावर गेला. मशीनच्या मुठीला दोरी बांधली, दुसरं टोक मनगटाला. लेकीला झोपताना त्याचा अंगठा मुठीत लागायचा. ती रांगत दारापाशी गेली आणि बंद दारावर थापा मारू लागली. बाहेरून, तेवढ्याच उंचीवर, एक थाप आली. मग दाराखालच्या फटीतून दोन बोटं आत सरकली. लेकीने ती घट्ट पकडली.

“फट बुजव गं,” तो बाहेरून म्हणाला. “वास येईल तिला.”

तिने जुना टॉवेल घडी करून फटीत कोंबला. आधी या बाजूने, मग त्या बाजूने. बोटांएवढी जागा सोडून.