दुसऱ्याच्या तोंडची ओळ

आमचं दार सताड उघडं होतं, तरी सरकारने चौकटीवर टकटक केली. हे खिडकीपाशी बसून एका जुन्या वजनकाट्याचं पारडं घासत होते. त्यांनी मान वर केली, सरकारकडे बघितलं आणि परत पारडं घासायला लागले. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाला असं दारात ताटकळत ठेवतात का? शेवटी मीच म्हटलं, "भावोजी, आत या. चौकट मजबूत आहे आमची, तुम्ही धरून उभं राहायला नको."

सरकार हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तरुणपणी ह्या तिघांचा बँड होता. हा गायचा, लांब्या ॲकॉर्डियन वाजवायचा आणि आमचे हे ड्रम. सामान उचलायची वेळ आली की हा हुकूम सोडायचा आणि स्वतः काडीही हलवायचा नाही, म्हणून सरकार. पण आवाज असा की वरचा सूर लावला की गल्लीतली कुत्री एका रांगेत येऊन बसायची आणि गाणं संपलं की गपचूप आपापल्या घरी जायची. हसू नका, मी पाहिलंय. आणि लांब्या इतका उंच की दारातून आधी त्याचे गुडघे आत यायचे. डोकं यायच्या आत माझा चहा उकळून व्हायचा.

पोटासाठी तिघांचे उद्योग वेगळे. हे दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरायचे. त्यामुळे बँडमध्येही यांचं नाव काटेवाला. गाणी मात्र सगळी आमच्या स्वयंपाकघरात जुळायची. सुरुवातीला फार भांडणं व्हायची. ज्याने ओळ आणली तोच ती घोळवून घोळवून गायचा, आपल्याच आवाजावर लट्टू व्हायचा, आणि दुसऱ्याने नाक मुरडलं की रुसून बसायचा. मग एक दिवस यांनी नियम घातला. आपली ओळ आपण गायची नाही. ती दुसऱ्याच्या तोंडी द्यायची आणि आपण गप्प बसून ऐकायचं. "दुकानदार आपला काटा आपण तपासतो का?" म्हणाले. "तिसरा माणूस तपासतो, तेव्हा खरं माप कळतं."

नियम कामाचा होता. भांडणं थांबली, गाणी बरी व्हायला लागली. पुढे याच नियमाने घात केला, ते आता सांगते.

त्यांचं एकच गाणं गाजलं. पण असं गाजलं की न्हावी त्याच्या ठेक्यावर कात्री चालवायला लागले. लोकांचे कान वाचले हेच नशीब. सगळं गाणं कुणाला पाठ नव्हतं. एक ओळ मात्र शेंबड्या पोरालाही यायची: 'दार उघडंच आहे, ठोठावू नकोस.' मग त्याची तबकडी निघाली. कंपनीवाल्यांनी विचारलं गाणं कोणाचं, आणि सरकारने आपलं एकट्याचं नाव सांगून टाकलं. तबकडी हातात आली त्या दिवशी लांब्या इथेच बसला होता. त्याने ती उलटून पाहिली, सुलटून पाहिली. म्हणाला, बाकी गाणं घे हवं तर, ती ओळ माझी आहे. सरकार म्हणाला, माझी आहे.

गंमत बघा, दोघांपैकी एकही खोटं बोलत नव्हता. सरकारचं म्हणणं, ती जुळली त्या दिवशी लांब्याने गायली होती, माझ्या कानांत अजून आहे. तो गायला म्हणजे ओळ माझी, नियमच तो. लांब्या म्हणायचा, अरे, मी सरकारच्या तोंडून ऐकली, म्हणजे दिली मी. दोघांचे कान शाबूत होते. त्या दिवशी दोघंही गायले होते, ओट्यापाशी उभी राहून मीच ऐकलं होतं. पण मला कोण विचारतंय? मी चहावाली.

विचारलं ते यांना. तू तर तिथेच होतास, सांग कोणाची. हे म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." मग काय, दोघांच्याही मनातून उतरले. सरकार म्हणाला, दोन दगडांवर पाय ठेवतोय. लांब्या तेवढंही बोलला नाही, नुसता यायचा थांबला. बँड मोडला. ड्रम माळ्यावर गेला, त्याच्या पोटात मी जुनी पांघरुणं कोंबली. हे काटे दुरुस्त करत राहिले. रस्त्यात लांब्या दिसला की घरी येऊन दोन घास कमीच जेवायचे. मी विचारायची नाही, हे सांगायचे नाहीत. असा संसार झाला.

तर असा तो सरकार, पांढऱ्या केसांचा, माझ्या खुर्चीवर टोकाला बसला होता. लांब्या हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, असं म्हणाला. आणि लांब्याने त्याला बोलावून एकच गोष्ट मागितली होती: काटेवाल्याला घेऊन ये, कोणाची ओळ ते एकदा त्याच्या तोंडून ऐकू दे.

"त्याची असली तर तबकडीवर त्याचं नाव लावतो," सरकार म्हणाला. "नवीन काढतायत ते लोक. माझी असली तर त्याने तसं म्हणावं. पण हे असं लोंबकळत ठेवून त्याला जाऊ देऊ नकोस रे."

यांनी पारडं खाली ठेवलं, हात पुसले आणि चप्पल शोधायला लागले. ती त्यांच्या पायातच होती.

लांब्याला पलंग पुरत नव्हता. त्याच्या बायकोने खाली स्टूल लावून त्यावर त्याचे पाय ठेवले होते. अंगात काही उरलं नव्हतं, उंची तेवढी होती. यांना बघून हसला आणि म्हणाला, "म्हातारा झालास की." हे म्हणाले, "तू आरशात बघितलं नाहीस वाटतं." बाजूच्या पलंगापाशी बसलेली बाई केळं सोलायची थांबून आमच्याकडेच बघायला लागली.

"सांग," लांब्या म्हणाला.

यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. मला वाटलं, डोळे पुसतील. पण त्यांनी पलंगाच्या दांडीवर डबीने ठेका धरला. त्याच गाण्याचा, हळू. लांब्याने डोळे मिटले. सरकारने घसा खाकरला आणि पहिली ओळ घेतली. आवाज पार चिरला होता, कुत्री काही बसली नसती. दुसरी ओळ लांब्या पुटपुटला. जुन्या दिवसांसारखी एक याची, एक त्याची, असं गाणं पुढे जात राहिलं.

आणि मग त्या ओळीची जागा आली.

दोघंही थांबले. ठेका चालू, आणि दोघांची तोंडं बंद. जो गाईल त्याची ती नाही. नियमच तो. सरकार लांब्याकडे बघत होता, लांब्या सरकारकडे. यांनी तेवढाच तुकडा परत वाजवला. परत कोणी नाही. लांब्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हा माणूस असाच जाणार, तोंड घट्ट मिटून.

तिसऱ्यांदा ती जागा आली, तेव्हा सरकारने मान खाली घातली आणि गायला. "दार उघडंच आहे, ठोठावू नकोस." आख्खी ओळ, एक अक्षर न गाळता. आयुष्यभर जिच्यासाठी भांडला ती त्याने अशी सोडून दिली.

लांब्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं. यांनी ठेका मोडला नाही. जागा पुन्हा आली, आणि या वेळी लांब्या गायला. गायला कसला, श्वासच तो, पण शब्द सगळे होते. त्यानेही सोडली.

डबी थांबली. सरकार गायला होता, लांब्या गायला होता. मग दोघांनी एकदमच मान वळवली आणि यांच्याकडे बघितलं. त्यांना कधी सुचलंच नव्हतं तिकडे बघायचं.

"तू का नाही गायलास रे?" लांब्याने विचारलं.

"मला कुठे गाता येतं," हे म्हणाले आणि डबी खिशात टाकली.

लांब्याने पांघरुणाखालून हात काढला आणि यांचं मनगट धरून ठेवलं. जेवणाचा डबा आला, नर्स येऊन गेली, तरी सोडलं नाही. सरकार खिडकीकडे तोंड करून उभा होता.

जिन्यात सरकार म्हणाला, नाव तुझं लावतो. हे म्हणाले, "लांब्याचं लाव. आणि तुझं राहू दे. दोघं गायलात ना?"

नवी तबकडी आली त्यावर दोन नावं होती. लांब्याचं वर. ती बघायला लांब्या नव्हता. त्याच्या बायकोने फोटोशेजारी उभी करून ठेवली.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, ते गाणं जुळायच्याही आधी, मी एकदा रुसून आईकडे निघून गेले होते. कशावरून ते विचारू नका, नातवंडांना मी दर वेळी वेगळंच सांगते. आठवड्याने राग उतरला आणि परत आले. दार उघडं होतं, पण आत पाऊल टाकायची लाज वाटली, म्हणून कडी वाजवली. आतून यांचा आवाज आला, काम करता करता बोलल्यासारखा. दार उघडंच आहे, ठोठावू नकोस.

नातवंडं विचारतात, आजी, ती ओळ कोणी केली? मी म्हणते, शेजारी एक पोपट होता, त्याने. पोरांना पटतं.

सरकार आता अधूनमधून येतो. टकटक करत नाही. रेडिओवर कधी ते गाणं लागलं की तो खुर्चीत बसल्या बसल्या गुणगुणतो, मीही कणीक मळता मळता गुणगुणते. ती ओळ जवळ आली की हे हातातला कप खाली ठेवतात आणि ओठ घट्ट मिटून घेतात. ओळ जाईपर्यंत तसेच बसतात. मग उरलेला चहा पितात.