काठीचा तुकडा

"अंकुशभाऊ, काठी डोक्यावर पडते नं, तेवढाच तुकडा घ्या. लाल गोल मारा अन् फिरवत राहा!"

आमच्या बातम्यांच्या चॅनलचे संपादक सौरव सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून ओरडत होते. उमरेडजवळच्या एका गावात, पोरं पळवणारा समजून जमावाने नत्थू नावाच्या भांडी विकणाऱ्याला भर चौकात ठेचून मारलं होतं. कुणीतरी मोबाइलवर काढलेला तो व्हिडिओ माझ्यासमोर होता. काठी बसते, डोकं फुटतं, माणूस गुडघ्यांवर कोसळतो, हात जोडतो, तर पुन्हा काठी.

मी चेहरा ब्लर केला, गोल मारला, तुकडा फिरवायला लावला. निवेदिका बोलत राहते आणि तो फिरत राहतो, अशीच आमची रीत. जळो ती रीत! चौकात नत्थू एकदाच मेला. मी त्याला सकाळपासून मारत होतो. चॅनल लहान, त्यामुळे व्हिडिओ कापणंही माझ्याकडे आणि प्रक्षेपणावर सोडणंही.

दुपारी आमची बातमीदार हिमानी नत्थूच्या घरी पोचली. तिच्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर आलं. घरात टीव्ही चालू, त्यावर आमचंच चॅनल. समोर नत्थूची आई, पार्वतीबाई. ब्लर केला म्हणून आई फसते होय! काठी खाली आली की म्हातारी काचेवर हात आडवा धरायची. तुकडा पुन्हा सुरू, पुन्हा हात.

"बंद करा नं वं कोणी ते!" हिमानी शेजारणीला म्हणाली.

"बंद करू कुठं देते बाई! म्हणते, त्याले एकट्याले मार खाऊ देऊ का?"

तेवढ्यात पार्वतीबाई टीव्हीकडे बघून ओरडली, "पुरे करा नं रे बापहो! किती डाव मारसान माह्या नत्थूले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मलाही त्या जमावात धरलं होतं, आणि त्यात खोटं काय होतं?

"भारी!" सर म्हणाले. "एकीकडे काठी, एकीकडे हात. फिरवा!"

"नाही फिरवत."

"काहून?"

"म्हातारी आडवी येऊन राहिली, सर. मले नाही जमत तिच्या हातावर मारणं."

"मंग उठा खुर्चीवरून!"

उठलो. पण त्याआधी तुकडा उडवला आणि जाहिरात सोडली. थोड्या वेळात सर तो परत लावतील, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या स्क्रीनवर दिसलं, तिकडे घरातल्या टीव्हीवर जाहिरातीतली शालू नेसलेली नवरी हसू लागली. पार्वतीबाई जरा थांबली. मग हात खाली घेतला, आणि नत्थूचं डोकं होतं तिथली काच पदराने पुसू लागली.