तीन नंबरचं हँडल

"बाबा, हँडल कुणी ओढलं होतं?"

प्रश्न मैत्रिणींचा, तोंड तेवढं तिचं. काल शाळेत डबा खाता खाता मैत्रीण लंबूने तिला डिवचलं होतं, "वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून अख्ख्या जगाला प्रश्न विचारत सुटलीयस. हिंमत असेल तर घरी विचार." आता, जिला सगळी शाळा भोंगा म्हणते तिने हिंमतीच्या बाबतीत माघार घ्यायची म्हणजे नाकच कापून घ्यायचं. म्हणून रविवारी दुपारी, बाबा मिक्सरचं पोट उघडून बसलेले असताना, तिने तो प्रश्न धाडकन टाकला.

बाबांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "चौकशीच्या अहवालात येईलच की."

"अहवाल लंबूला द्या. मला तुम्ही सांगा."

बाबा मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर होते. कॅप्टन आणि को-पायलट पुढे बघत विमान उडवायचे आणि बाबा त्यांच्या पाठीमागे आडवे बसायचे, भिंतभर तबकड्या आणि दिव्यांकडे तोंड करून. चार इंजिनांची नाडी त्यांच्या हातात. कोणतं तापलंय, कुणाचं तेल उतरलंय, कोण उगाच कुरकुरतंय. "ते दोघं उडवतात, मी जिवंत ठेवतो," असं ते पूर्वी पाहुण्यांना ऐटीत सांगायचे. गेल्या चार महिन्यांत एकदाही म्हणाले नव्हते.

चार महिन्यांपूर्वी ते विमान धावपट्टीच्या जरा अलीकडेच कोसळलं. कॅप्टन आणि बाबा वाचले, को-पायलट गेले. आग लागली होती दोन नंबरच्या इंजिनाला आणि बंद केलं गेलं धडधाकट तीन नंबरचं. उरलेल्या दोन इंजिनांना तो बोजा पेलवला नाही. आवाज टिपणारी पेटी जळून कोळसा झाली, त्यामुळे वाचलेले म्हणतील ती पूर्व दिशा. आणि वाचलेले दोघेही म्हणाले, "तीन" हा आकडा को-पायलटने सांगितला.

को-पायलटची मुलगी भोंग्याच्याच वर्गात होती. चिमणी म्हणायचे तिला, आवाज तेवढाच म्हणून. 'चुकीचा आकडा हिच्याच बाबांनी सांगितला' ही बातमी वर्गात कुणी पोचवली? दुसरं कोण असणार, भोंग्यानेच. चिमणी तेव्हा एवढंच म्हणाली होती, "माझे बाबा आकडा दोनदा बघतात." बघायचे नाही, बघतात. त्याला तीन आठवडे झाले, ती शाळेत आलेली नाही.

"कुणाचा तरी हात असेलच ना हँडलवर," भोंगा म्हणाली.

"माझा होता. ते कामच माझं."

"आणि दुसरा आवाज?"

दुसऱ्या आवाजाचा नियम तिला पाळण्यापासून माहीत होता, कारण बाबा तो घरी घेऊन आले होते. गॅस बंद करताना ते बटणावर हात ठेवून मोठ्याने म्हणायचे, "डावी शेगडी." घरातल्या कुणीतरी उलट "डावी शेगडी" म्हटल्याशिवाय बटण काही फिरायचं नाही. "दूध उतू जाईल, पण यांचा मंत्र चुकायचा नाही," आई करवादायची. विमानातही तसंच. इंजिन बंद करायच्या हँडलवर हात इंजिनिअरचा, आकडा मोठ्याने, आणि दुसऱ्याने तोच आकडा उच्चारला तरच ओढायचं.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"मी दोनवर हात ठेवला. म्हटलं, दोन. चिमणीचे बाबा म्हणाले, दोन." त्यांनी घसा खाकरला. "कॅप्टन ओरडले, तीन."

"म्हणजे दोन माणसं दोन म्हणत होती."

"वीस वर्षं त्या कॅप्टनच्या पाठीमागे बसलोय मी."

"ते नाही विचारलं मी, बाबा."

"मी हात सरकवला," बाबा म्हणाले. "आणि हँडल ओढलं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातलं फडकं कोरडं होतं, तरी ती ते पिळत होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"हॉस्पिटलात कॅप्टन शेजारच्याच खाटेवर होते. म्हणाले, गेलेला माणूस काही परत येत नाही, आपण दोघं तरी उभे राहू." आई तिच्या नजरेला नजर देईना. "तुझ्या बाबांनी काय मुद्दाम केलं का? आता तोंडाला जरा कुलूप घाल, बाळा. एकदा तरी."

बाबा एकदम म्हातारे दिसत होते, आणि त्यांना मिठी मारावी असं भोंग्याला फार वाटलं. पण मिठी मारली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"चौकशीवाल्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिमणीएवढाच निघाला. "वर्गात मात्र ते मी बोललेय. उद्या शाळेआधी मी चिमणीच्या घरी जाणार आहे. तिच्या आईसमोर हे सगळं सांगणार आहे. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात तर मी सांगेन."