स्क्रीनभोवतीच्या खडूच्या खुणा

आमच्या सासूबाई घरी शिवणकाम करतात आणि कम्प्युटरही शिवणकामासारखाच वापरतात. मॉनिटरच्या काळ्या चौकटीवर त्यांनी खडूने खुणा केल्या होत्या. वरच्या खुणेपासून सरळ खाली, बाजूच्या खुणेपासून आडवं. दोन रेघा मिळतील तिथे गिऱ्हाइकांच्या मापांचा फोल्डर. सहा वर्षांत नेम एकदाही चुकला नव्हता.

मंगळवारी मी दाढी करत असताना त्यांनी खोलीतून विचारलं, "जावईबापू, हा कम्प्युटर काहीतरी नवीन घ्या म्हणतोय. काय सांगू?"

"हो म्हणा," मी म्हणालो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

तासाभराने कम्प्युटर नव्या अवतारात उठला. कोपऱ्यातलं सगळं मधे येऊन बसलं होतं. खडूच्या रेघा मिळायच्या तिथे आता हवामान होतं. अंशतः ढगाळ.

गुरुवारी टपालवाल्या बाईंचा निवृत्तीचा समारंभ. तीस वर्षं पिशवी वागवून त्यांचा डावा खांदा चांगला दोन बोटं उतरलाय. तयार कोट चढवला की हँगरच वाकडा आहे असं वाटतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्या कोट शिवून घेत होत्या. मापं देऊन त्या बहिणीच्या गावी गेल्या, त्या थेट गुरुवारी सकाळी यायच्या. कापड मोजून आणलेलं. अंदाजाने कात्री चालवायची सोय नव्हती. मापांची वही कधीच बंद झाली होती. ती बंद करायला लावणारा मीच.

"सरका, मी बघतो," मी म्हणालो. बाईंचं नाव टाकून शोधलं. आडनाव टाकलं. 'टपाल' टाकलं, 'पोस्ट' टाकलं. मागे उभ्या असलेल्या आई, म्हणजे सासूबाई, दोनदा "अहो, पण" म्हणाल्या. दोन्ही वेळा मी हात वर केला. जाणकाराची तंद्री मोडू नये. दुपारी जेवलो तेही माउस न सोडता.

संध्याकाळी बायको ऑफिसातून आली. दोन मिनिटं बघत उभी राहिली. "अरे, आईला विचारलंस का?"

"त्यांना काय विचारायचं?"

"नाव टाकून कसं सापडेल?" आई म्हणाल्या. "मी नाव लिहीतच नाही. कुणाच्या अंगात काय कमी-जास्त आहे ते चव्हाट्यावर कशाला?"

त्या खुर्चीत बसल्या आणि एका बोटाने टाइप केलं : डावा खांदा उतरलेला. फाइल आली. तिच्यावरून फोल्डर सापडला. त्यात 'मान पुढे' होती, 'पाठीला बाक' होता. 'पोट आत ओढून माप देतात, दोन इंच वाढवणे' ही फाइल कुणाची, ते मी विचारलं नाही.

"एवढंच होय," आई म्हणाल्या. "बरं झालं बदललं ते. नुसतं लिहिलं की येतंय." आणि ओल्या फडक्याने खुणा पुसल्या.

"पण बदललं कुणी?" बायको माझ्याकडे बघत म्हणाली.

"आपोआप होतं म्हणे," आई कात्री शोधत म्हणाल्या. "जावईबापू, कापडाची कड धरा जरा."

मी धरली. बुधवारीही सुट्टी काढून बटणं लावली; त्यातली दोन आईंनी उसवून पुन्हा लावली.

गुरुवारी टपालवाल्या बाईंनी कोट घालून आरशात दोन्ही खांदे निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "पिशवी आत्ता उतरल्यासारखी वाटली बघा."

"यांनी दिवसभर बसून मापं शोधली," आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाईंनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. मी ते घेतले, आणि त्या जिना उतरल्यावर जसेच्या तसे आईंच्या हवाली केले.