हारूनभाईची लॉजवरची खोली

ए, नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाय. वळसंगची आरजू हाय की, सातवीतली, तिच्या शाळेत वैजयंती मॅडमनी सांगितलं, उद्या घरचा मोबाईल आणा, त्यात आलेला एकेक फोटो नेटवर शोधून बघायचा, खरा का खोटा. झालं! कुणाचा तीन तोंडाचा साप खोटा, कुणाच्या मामाला लागलेली लॉटरी खोटी. वर्ग नुसता खिदळतोय.

आरजू मात्र लई खुशीत. का, तर तिच्याकडं पक्का खरा फोटो. तिचे अब्बा, हारूनभाई, ट्रकवर ड्रायव्हर. दोन महिन्यामागं त्यांची पाठ धरली, तवा अम्मीनं अट घातली, गाडीत झोपायचं न्हाय, लॉजवर झोपणार असाल तरच जावा. तवापासून जितं मुक्काम, तितल्या खोलीचा फोटो येणारच. पांढरी चादर, दोन उशा. तो बघितला की अम्मी निवांत.

आरजूनं फोटो शोधायला टाकला. आणि तीच खोली, तीच चादर, तेच पडदे, कुठल्या तरी हॉटेलच्या जाहिरातीत! दुसरा टाकला. तोबी तसलाच.

शेजारी पृथ्वीराज, एक नंबरचा चिडवखोर. त्यानं सगळं बघितलं. आरजूनं फोन पालथा घातला. तेवढ्यात मॅडम आल्या, "काय गं आरजू, तुझा काय निघाला?"

तर पृथ्वीराजच म्हणतो, "मॅडम, तिचं नेट संपलंय. माझा बघा की, आमच्या काकाचा आठ किलोचा आंबा!"

घरी आली तर संध्याकाळी नवा फोटो. अम्मी खूश. "बघ गं, आज गॅलरीबी हाय! तुमाला शिकवलंय न्हवं? तपास की, असल्या खोल्या खरंच असत्यात व्हय?"

आरजू फोन घेऊन अंगणात गेली आणि अब्बालाच लावला.

"अब्बा, पाठ दुखतीया का?"

"न्हाय गं बेटा, गादी लई मऊ हाय."

"अब्बा, मला फोटो शोधता येतोय आता."

तिकडं मागनं गाड्यांचे हॉर्न तेवढे. मग हळूच, "अम्मीला सांगू नको, बेटा. फोटो बघितल्याबिगर तिला झोप लागत न्हाय गं."

"आणि तुमाला लागती?"

तेवढ्यात दारातनं अम्मी, "काय झालं? खरा हाय का?"

आरजूनं फोन बंद केला न्हाय. तसाच अम्मीच्या हातात दिला. "फोटो खोटा हाय, अम्मी. अब्बा गाडीतच झोपत्यात. घे, बोल."

आरजूला वाटलं, आता अम्मी भडकणार. पण अम्मीनं फोन कानाला लावला आणि एवढंच विचारलं, "पाठ शेकायला काय मिळतंय का तितं?"

तवापासून फोटो यायचे बंद झालेत, आणि अम्मी रोज रात्री दोनदा उठून फोन बघती. आरजू अजून मला विचारती, गप बसले असते तर बरं झालं असतं का गं? तू सांग की, तू असतीस तर काय केलं असतंस?