सत्तेचाळिसावं पान

मी एक प्रबंध. निळ्या कापडी बांधणीचा, दोनशे बारा पानांचा आणि, आता लपवून काय उपयोग, चुकलेला.

काळ पुढेच का जातो, मागे का वळत नाही, हे भौतिकशास्त्राच्या नियमांवरून सिद्ध करण्यासाठी थोरल्या सरांनी मला लिहिलं. टाइपरायटरवर, दोन बोटांनी. सत्तेचाळिसाव्या पानावर त्यांचं घोडं अडलं. चार दिवस चिडचिड करत फिरले आणि पाचव्या दिवशी सरळ टाइप केलं, 'हे उघडच आहे.' मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण प्रबंधाला कोण विचारतो?

थोरल्या सरांनीच एक रीत घालून दिली. निवृत्त होताना गुरूनं मला लाडक्या शिष्याच्या हाती द्यायचं आणि शिष्यानं प्रत्येक पायरी स्वतः सोडवून समासात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. पहिले शिष्य धाकटे सर. सत्तेचाळिसाव्या पानावर त्यांची पेन्सिल बराच वेळ घुटमळली. "एवढा मोठा माणूस म्हणतोय, तर मलाच दिसत नसेल," असं पुटपुटत त्यांनी खूण केली. पुढे मी त्यांच्या विद्यार्थिनीकडे, बाईंकडे आलो. बाईंनी सरांची खूण पाहिली आणि शेजारी आपली करून टाकली.

दोघांनीही आयुष्यभराचं संशोधन माझ्यावर उभं केलं. कुणी माझं कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या महिन्यात शिकवता शिकवता बाई फळ्यापाशी थबकल्या. तास अर्धवट सोडून खोलीत आल्या, मला उघडलं. जे सिद्ध करायचं, तेच त्या पानावर गुपचूप गृहीत धरलंय, हे त्यांना दिसलं. रडल्या नाहीत.

चूक जाहीर करणारा लेख त्यांनी आठवड्याभरात लिहिला. पण आधी धाकट्या सरांच्या कानावर घालायला हवं, म्हणून मला पिशवीत घालून त्यांच्या घरी नेलं. सर अंथरुणाला खिळलेत. डोळ्यांनी दिसत नाही.

"सर, सत्तेचाळिसाव्या पानाबद्दल बोलायचं होतं."

सर हसले. "अगं, त्या पानानं माझी किती वर्षं झोप उडवली होती. ती पायरी मला कधी सुटलीच नाही बघ. मग तू खूण केलीस आणि माझा जीव भांड्यात पडला. तू काही डोळे झाकून खूण करणारी नव्हेस."

बाईंनी मला घट्ट धरलं.

"हो सर," त्या म्हणाल्या. "तपासली होती मी."

तो लेख आता घडी करून माझ्याच पानांत ठेवलाय. सर असेपर्यंत पाठवायचा नाही, असं बाईंनी ठरवलंय. कुणी मला वाचायला मागितलं तर 'बांधायला दिलाय' म्हणून सांगतात आणि मान खाली घालतात.

म्हणजे माझी सुटका व्हायला एका भल्या माणसानं मरायला हवं. आणि मला सरांचा फार लळा आहे हो. तेव्हा वाचकहो, त्यांच्याकडे गेलात तर एवढं करा, यातलं काही बोलू नका. त्यांना भरपूर आयुष्य लाभू दे. मी तोवर खोटा राहीन.