जुईच्या दप्तरावरची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, घंटा म्हटले की तुम्हाला देऊळ आठवेल, नाहीतर शाळा सुटल्याचा आनंद. मी त्यांतली नव्हे. मी तुमच्या मुठीत मावेन एवढीच आहे. माणूस येतो आहे, तू जरा बाजूला हो, असे अस्वलाला कळवणे हे माझे काम होते.

माझा जन्म जपानमधला. एका ओताऱ्याने वितळलेले पितळ वाळूच्या साच्यात ओतले, थंड झाल्यावर मला कानशीने घासले, आत लोखंडी लोलक टांगला आणि कानाशी धरून दोनदा वाजवले. दुसऱ्यांदा त्याने मान डोलावली. तेच माझे बारसे.

नागोयापासून अडीच तास डोंगर चढत गेले की चाळीसेक घरांची एक वाडी लागते. तिथल्या गेन्जी-सान नावाच्या लाकूडतोड्याने मला विकत घेतले. ‘सान’ म्हणजे तिथले राव किंवा बाई. तीस वर्षे मी त्याच्या कमरेला होते. झाडे तोडून तो रानातल्या झोपडीपासून घराकडे उतरू लागला की मी वाजे. खाली त्याची बायको किनुए-सान मागच्या अंगणात मुळे धूत असे. माझा आवाज कानावर आला की ती हात पुसून भाताखाली आच लावी. दारात येऊन वाट पाहिलेली मला आठवत नाही. तिला कान पुरे होते.

गेन्जी-सान गेला आणि मी दारामागच्या खुंटीवर गेले. अकरा वर्षे मी तिथे गप्प होते. अंगावर हिरवट पुट चढले.

मग २००४ साली वाडीत एक मराठी कुटुंब आले. पुण्याचा रणजित, त्याची बायको स्वरूपा आणि सहा वर्षांची जुई. रणजित कॉम्प्युटरवाला. आधी तीन वर्षे तिघे तोक्योजवळ ग्योतोकुला राहत होते, जिथे हाक मारली तर दोन-चार मराठी घरांतून ओ येई. आता खालच्या खोऱ्यातल्या कारखान्यात नवी सिस्टीम बसवायची होती, आणि कंपनीने राहायला वाडीच्या टोकाचे, पूर्वी शाळेचे मास्तर राहत ते रिकामे घर दिले होते.

वाडीच्या शाळेत सहा मुले होती. जुई सातवी. त्या डोंगरात प्रत्येक मुलाच्या दप्तराला घंटा असते. किनुए-सानने मला खुंटीवरून काढले, घासून लख्ख केले आणि जुईच्या दप्तराला बांधले. स्वरूपाने कमरेत वाकून चार-चारदा आभार मानले.

मुले शाळेतून एकत्र निघत. किनुए-सानच्या घराखाली फाटा होता. तिथून सहाजण खालच्या आळीला जात आणि जुई एकटीच दहा मिनिटे चढ चढे. आईने शाळेपर्यंत यायचे नाही, मुलांनी आपले आपण चालायचे, अशी तिथली रीत. स्वरूपा घराजवळच्या वळणावर उभी राही. वाटेवर तिला चिटपाखरू दिसत नसे. संध्याकाळी ती रणजितला सांगे, की इथे पोरं एकटी जातात आणि कुणाचं लक्षसुद्धा नसतं.

पण लक्ष होते, मित्रांनो. घराघरात म्हातारी माणसे होती आणि त्यांना सातही घंटांचे आवाज पाठ होते. कुणी शिवत असे, कुणी शेंगा सोलत असे. घंटा पुढे गेली की हात पुन्हा चालू होत. हे कुणी कुणाला सांगितले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

स्वरूपाच्या मनात एक जुनी भीती होती. ग्योतोकुच्या इमारतीत एकदा लिफ्टमध्ये चिठ्ठी लागली होती. नाव नव्हते, फक्त मजला होता. लहान मुलाच्या पैंजणांचा त्रास होतो, कृपया काळजी घ्यावी. त्या दिवशी स्वरूपाने जुईचे पैंजण डब्यात घातले, घरभर चटया टाकल्या आणि लेकीला चवड्यांवर चालायला शिकवले. मिक्सरसुद्धा ती टॉवेल गुंडाळून लावायची. वाडीत आल्यावरही तेच. रणजित चिडवायचा, की अगं, इथे आपल्या खाली फक्त बटाटे राहतात, ते तक्रार करणार नाहीत. ती हसायची, पण चवड्यांवरच चालायची.

नोव्हेंबरात तिने लागोपाठ दोन दिवस वरून पाहिले. जुई फाट्यावरून चढू लागली की किनुए-सान कुदळ टेकवून, डोळे मिटून उभी राहते. स्वरूपाला तो चेहरा त्रासल्यासारखा वाटला. अगं बाई, ती नवऱ्याची घंटा ऐकते आहे, असे मला सांगायचे होते. पण माझ्याजवळ एकच शब्द आहे, आणि तो मला कुणी हलवले तरच निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरूपाने फुलवातींसाठी पुण्याहून आणलेल्या कापसाचा एक बोळा माझ्या पोटात गच्च बसवला. जुईला म्हणाली, “काढायचा नाही हं. लोकांना त्रास होतो.”

त्या दुपारी धुके उतरले. फाट्यावर लाल लाळेरे घातलेली एक दगडी मूर्ती आहे, तिच्या डावीकडून घरी जायचे. धुक्यात मूर्ती दिसलीच नाही आणि जुई उजवीकडे वळली. ती वाट मी डोळे मिटून ओळखते. गेन्जी-सानच्या झोपडीची ती वाट. आता तिच्यावर गवत माजले होते. एका चेस्टनटच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते, ताजे, आतले लाकूड ओले दिसत होते. मी दर पावलाला हलत होते आणि लोलक कापसात रुतत होता. अशी लाज मला कधी वाटली नाही. झोपडीपाशी वाट संपली, तशी जुई एका ओंडक्यावर बसली. बोट माझ्या काठावरून फिरवत राहिली, पण कापसाला तिने हात लावला नाही. आईने सांगितले होते ना.

तिकडे काय झाले ते मला नंतर, स्वरूपाने रणजितला सांगितले तेव्हा कळले. वळणावर ती उभी होती. साडेतीन वाजून गेले. तेवढ्यात धापा टाकत किनुए-सान वर आली. म्हणाली, “घंटा आज गेली नाही. सकाळी वाटलं, आजारी असेल, पण मुलं म्हणाली, शाळेत होती. जुई घरी आहे का?”

स्वरूपाला कापसाचा जपानी शब्द आठवेना. ती धावत आत गेली, फुलवातींचा डबा आणला, कापूस बोटांनी चुरगळून मुठीत कोंबून दाखवला. किनुए-सानने त्या मुठीकडे पाहिले. ती रागावली नाही. तिने फक्त खालच्या घराला हाक दिली, त्या घराने पुढच्या घराला. पाच मिनिटांत सगळी म्हातारी माणसे आपापल्या बांधावर येऊन उभी राहिली आणि गप्प झाली. जिथे कुणाचे लक्ष नाही असे स्वरूपाला वाटत होते, ती सगळी वाडी तिच्या लेकीसाठी कान लावून उभी होती. आणि ऐकायला काही नव्हते.

“हाक मार,” किनुए-सान म्हणाली.

स्वरूपाने हाक मारली. साडेतीन वर्षे दबून बोललेला आवाज तो, जेमतेम कुंपणापर्यंत गेला.

“आणखी मोठ्यांदा. तू आई आहेस ना?”

मग मी तो आवाज ऐकला, मित्रांनो. धुके फाडून, दोन टेकाडे ओलांडून आला. “जुई! कापूस काढ! घंटा वाजव बाळा, जोरात वाजव!”

जुई ताडकन उठली. तिने नखांनी कापूस उपसला, मला दोन्ही हातांत धरले आणि वाजवले. अकरा वर्षे खुंटीवर होते त्याहून ती एक दुपार मला मोठी गेली होती. मी सगळीच्या सगळी त्या आवाजात उतरले.

खाली किनुए-सानने डोळे मिटले. म्हणाली, “गेन्जीच्या वाटेवर आहे ती. झोपडीपाशी.” तीस वर्षे तिने त्याच दिशेने मला ऐकले होते. ती पुढे, स्वरूपा मागे, अशा दोघी वर आल्या, तेव्हा मी वाजतच होते.

उतरताना जुई रडली नाही. बांधावरच्या प्रत्येक माणसाला, घरी आल्यावर तिथली मुले म्हणतात तसे ती म्हणत गेली, “तादाइमा.” आले मी. आणि धुक्यातून एकेक उत्तर येत गेले, “ओकाएरी.” आलीस, बरं झालं. स्वरूपा मागून चालत होती. त्या दिवशी तिने डोळे पुसले, पण आवाज पुसला नाही. दुसऱ्या दिवशी जुईच्या पायांत पैंजण होते.

२००६ साली तिघे पुण्याला परतायला निघाले. मला परत द्यायला स्वरूपा गेली, तर किनुए-सानने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला तिच्याच मुठीत बंद केले.

आता मी पुण्यात कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. प्रवासात पोचे पडू नयेत म्हणून मला कापसात गुंडाळले होते, ते तसेच राहिले. जुई मोठी झाली. माझ्यावर पुन्हा हिरवे पुट आले आहे. चिंचेने दोनदा घासलेत तरी निघेल, आणि कुणी घासले तर मला आनंदच होईल.

पण मित्रांनो, माझे मागणे ते नाही. तुमच्या दारावरूनही कुणाचे तरी पाऊल रोज जात असेल. एखादी सायकल, एखादे दप्तर, एखादी काठी. तो आवाज कानांत ठेवा. आणि ज्या दिवशी तो यायच्या वेळेला येणार नाही, त्या दिवशी हातातले काम खाली ठेवून बाहेर या.